खिडकी मी उघडली

१

बंदर कचेरीची जीप खलाशांच्या वसतिगृहापुढे थांबली तेव्हा मावशी फाटकातच उभ्या होत्या. वसतिगृह चालवणाऱ्या या बाईंना लहानथोर सगळेच मावशी म्हणत. सकाळी त्यांनीच कचेरीत फोन केला होता आणि रडत रडत एवढंच सांगितलं होतं की पाना बाथरूममध्ये मरून पडलाय, लवकर या.

पुढच्या सीटवरून चौकशी अधिकारी उतरले, मागून दुभाषीबाई.

"मावशी, पाणी कधी आलं?" साहेबांनी विचारलं.

"आत्ताच आलं. पण तुम्ही आधी वर चला हो."

साहेबांना उठसूट हात धुवायची सवय होती. दुभाषीबाईंनी त्या प्रश्नाकडे लक्ष दिलं नाही. त्यांच्या डोक्यात पानाच घोळत होता.

पाना म्हणजे इंजिनखोलीत काम करणारा एक आडदांड, हसरा माणूस. खिशात कायम पाना, म्हणून नावही तेच पडलं. बंदरात एक परदेशी जहाज उभं होतं, त्यावर याची आणि इथल्या बऱ्याच खलाशांची भरती झाली होती. पण जहाजाची जीवरक्षक नाव ज्या हुकावर टांगलेली असते, तो हुक गंजून खलास झालाय, असं पानानं पाहिलं आणि बोभाटा केला. हुक बदलल्याशिवाय मी चढणार नाही आणि कुणी चढू नका, असं तो उघड सांगत सुटला. त्याचं म्हणणं ऐकायला विमा कंपनीचा परदेशी तपासनीस त्याच दुपारी कचेरीत येणार होता. पानाचं बोलणं त्याच्या भाषेत सांगण्यासाठीच दुभाषीबाईंना बोलावलेलं होतं.

आता सांगायला पानाच उरला नव्हता.

जिन्यावर खलाशी भिंतीला चिकटून उभे होते. दर्यावर वादळं पाहिलेली माणसं, पण तोंडं उतरलेली. त्यांतला एकजण बाईंच्या कानाशी कुजबुजला, "तिकडे जाऊ नका, बाई. तिथं काहीतरी आहे. आम्ही मयतापाशी उभे होतो, कुणी कशाला हात लावला नव्हता, आणि गीझर आपोआप पेटला."

२

साहेबांनी जेवणघरातलं एक टेबल रिकामं करून घेतलं आणि जबान्या सुरू केल्या. "तुम्हीच विचारा, बाई," ते म्हणाले. "तुम्हाला बघून माणसं मोकळी होतात. तुम्ही त्यांचं बोलणं तपासनिसासाठी उतरवत चला." मग आवाज खाली आणून, "तुमच्या यजमानांचा परवाना संपत आलाय ना? आणा माझ्याकडे. बघू आपण."

बाईंचे यजमान सेकंड इंजिनिअर. सध्या दूरच्या समुद्रात होते. परदेशी जहाजावर काम करायचं तर परवाना लागतो, आणि तो दर काही वर्षांनी, जहाजांच्या तपासणीच्या दाखल्यासारखाच, या साहेबांच्याच सहीनं नवा होतो. बाई मनापासून म्हणाल्या, "उपकार होतील, साहेब."

पहिला आला सारंग. डेकवरच्या खलाशांचा मुकादम तो सारंग. हा पानाच्याच खोलीत राहायचा. अर्धं आयुष्य समुद्रावर गेलेलं, पण डोळ्यांच्या तपासणीत नापास झाल्यापासून जमिनीवर अडकून पडला होता. बाथरूमचं दार त्यानंच खांदा मारून फोडलं होतं.

"कडी आतून होती?" बाईंनी विचारलं.

"आतूनच होती. हाका मारल्या, ओ देईना."

"दार फोडून आत गेल्यावर तुम्ही काय केलंत?"

सारंगानं टेबलाची कड घट्ट धरली. "खिडकी मी उघडली," तो म्हणाला.

"बरं. मग?"

"मग... खिडकी मी उघडली, बाई."

"पुरे पुरे," साहेब मायेनं म्हणाले. "हादरलाय बिचारा. बाई, लिहा. गीझरचा गॅस कोंडला होता, म्हणून सारंगानं खिडकी उघडली."

बाईंनी लिहायला घेतलं आणि पेन अडलं. गेली कित्येक वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. एका भाषेतलं वाक्य दुसरीत नेताना नुसते शब्द नेऊन भागत नाही. बोलणारा कुठली गोष्ट ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक आहे असं धरून चाललाय आणि नवं काय सांगतोय, हे आधी ओळखावं लागतं. ते चुकलं की वाक्य धडधाकट दिसतं आणि अर्थ भलताच होतो.

काय केलंस असं विचारलं तर माणूस म्हणतो, मी खिडकी उघडली. खिडकी ही तिथं नवी बातमी असते. सारंग म्हणाला होता, खिडकी मी उघडली. म्हणजे खिडकी उघडली गेली हे जगजाहीर, आणि नवी बातमी काय, तर ती उघडणारा मी. हे उत्तर बाईंच्या प्रश्नाचं नव्हतंच. ते 'खिडकी कुणी उघडली?' या प्रश्नाचं होतं.

तो प्रश्न बाईंनी विचारलेला नव्हता. त्यांच्याआधी कुणीतरी सारंगाला गाठून तो विचारला होता, आणि उत्तरही घोटून घेतलं होतं.

३

संशय घ्यायचा तर एजंट डोळ्यांसमोर होता. याच एजंटमार्फत परदेशी जहाजांवर माणसं जात. आदल्या दिवशी अंगणात उभं राहून त्यानं पानाला सगळ्यांदेखत दम भरला होता, की तू तोंड बंद ठेवलं नाहीस तर जन्मात परत जहाज बघणार नाहीस. पाना हसून म्हणाला होता, "काम करायचा हक्क माझा आहे. तो तुमच्या कपाटात ठेवलेला नाही."

साहेब फोन करायला बाहेर गेले. पानाचा मृतदेह लगेच गावी पाठवायला गाडी हवी होती. तेवढ्यात बाईंनी एजंटला व्हरांड्यात गाठलं. एरवी कडक इस्त्रीत वावरणारा माणूस, पण आज त्याच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती.

"हे माझ्या गळ्यात मारणार, बाई," तो म्हणाला. "मी ओरडलो, कबूल. जहाज अडलं की कंपनी माझा जीव खाते. पण त्याला मारून मला काय मिळणार? उलट आता एकही जण चढायला तयार नाही."

"सारंगाला तुम्ही काही कबूल केलंत का? नोकरी वगैरे?"

"मी? अहो, मी फक्त जहाज दाखवतो. जहाजावर काम करायचा हक्क मी देत नाही. परवाना नाही त्याला मी उभंसुद्धा करू शकत नाही." मग जरा थांबून, "गंमत म्हणजे आज सकाळीच तो आला होता. दार फोडायच्याही आधी. म्हणाला, परवाना नवा होतोय, माझी जागा धरून ठेवा. मी म्हटलं, डोळे रातोरात बरे झाले का? तर मान खाली घालून निघून गेला."

'परवाना' हा शब्द बाईंच्या मनात अडकला. का ते त्यांना लगेच कळलं नाही. त्या तशाच स्वयंपाकघरात गेल्या. मावशी चुलीपाशी बसून होत्या, चूल मात्र पेटलेली नव्हती.

"ताई, मी ही जागा सोडणार," मावशी म्हणाल्या. "डोळ्यांनी पाहिलं मी. पाना खाली पडलेला, डोकं भिंतीशी. आम्ही सगळे दारात. आणि एकदम भप्प झालं. निळा जाळ. नळही वाहायला लागला, आपोआप. सारंगानं पुढे होऊन तो बंद केला, तेव्हा विझला."

"मावशी, त्याआधी नळाला पाणी होतं का?"

"कुठलं? पहाटेच पंप जळला होता. वरच्या मजल्यावर टिपूस नव्हता. खालच्या हौदातून बादल्या भरून नेत होते सगळे. दार फोडलं तेव्हाच कुठे मिस्त्रीनं पंप चालू केला."

बाईंच्या घरी तसाच गीझर होता. यजमानांनी तो खोलून दाखवला होता. नळातून पाणी वाहू लागलं की त्याच्या जोरावर आतली झडप सरकते, मग गॅस सुटतो आणि जाळ पेटतो. पाणी नाही तर गॅस नाही. भुताटकी कसली, कुणीतरी गीझरचं बटण फिरवून, नळ उघडून, पाण्याची वाट न बघता निघून गेलं होतं. पाणी आलं तेव्हा पाना केव्हाच मेलेला होता.

म्हणजे पाना गॅसनं मेला नव्हता. आणि आतून कडी लावलेल्या त्या खोलीतून कुणीतरी बाहेर पडलं होतं. खिडकी बाहेरून लावता येत नाही, ती उघडीच राहिली, आणि म्हणून ती 'उघडणारा' एक माणूस लागला.

"बाई," मागून साहेबांचा आवाज आला, "जरा वर चलता का? ती बाथरूम एकदा बघून घेऊ. आपण दोघंच."

४

मृतदेह खालच्या खोलीत हलवला होता. वरचा मजला सुनसान होता. बाथरूमच्या दाराची चौकट एका बाजूनं फाटली होती, पण खालची लहान कडी शाबूत होती. साहेब आत आले आणि त्यांनी ती पायानं सरकवून लावली.

"आतून कशी लागते ते बघू," ते म्हणाले.

खोली एवढीशी. एका भिंतीवर गीझर, खाली नळ, समोर खिडकी. खिडकीबाहेर गच्ची, आणि गच्चीवरून मागच्या गल्लीत उतरणारा लोखंडी जिना. खिडकीची कडी आतल्या बाजूला होती. फरशीवर एक डाग पुसल्यासारखा दिसत होता. बाईंनी तिकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

साहेबांनी नळ सोडला. भप्प करून गीझर पेटला आणि बाई दचकून भिंतीला टेकल्या. साहेब सावकाश हात धुऊ लागले.

"पाणी चांगलं येतंय," ते म्हणाले.

त्याच क्षणी बाईंना फाटकातला तो प्रश्न ऐकू आला, जसाच्या तसा. पाणी कधी आलं? पाणी आहे का, असं नाही. कधी आलं. पाणी गेलेलं होतं हे धरूनच चाललेला प्रश्न. मावशींनी फोनवर पाण्याचं नावही काढलं नव्हतं. जीपमधून उतरेपर्यंत साहेबांना कुणी भेटलं नव्हतं, बाई सोबतच तर होत्या. वरच्या मजल्यावर पाणी नाही हे ज्यानं सकाळी इथला नळ सोडून पाहिला त्यालाच माहीत असणार.

आणि नापास डोळ्यांना परवाना देऊ शकणारा माणूस या बंदरात एकच होता.

"तुमचं पेन मघाशी थांबलं होतं," साहेब पाठमोरेच म्हणाले. "काही खटकलं का?"

बाईंनी दाराकडे पाहिलं. मागे फाटलेली चौकट, पुढे हा माणूस. ओरडलं तर खाली ऐकू जाईल का, ते त्यांना सांगता येईना. गीझर घों घों करत होता.

"एक शब्द आठवत नव्हता," त्या म्हणाल्या. "कोंडणे. त्यांच्या भाषेत त्याला दोन शब्द आहेत."

"आठवला?"

"आठवला."

साहेबांनी नळ बंद केला. रुमाल काढून एकेक बोट पुसलं. "तुमचे यजमान ज्या जहाजावर आहेत, तिथे मला ओळखणारे बरेच आहेत," ते म्हणाले. "चांगली माणसं आहेत. मी सांगेन तसं वागतात. तुम्ही काळजी करू नका." मग वाकून त्यांनी कडी काढली.

५

दुपारी कचेरीत तपासनीस येऊन बसला. म्हातारा, बारीक अंगाचा, चष्मा सारखा पुसणारा. साहेब त्याच्या शेजारी, समोर दुभाषीबाई. दाराशी एजंट आणि दहाबारा खलाशी दाटीनं उभे. सारंग त्यांच्यामागे. बाहेर मृतदेहाची गाडी उभी होती. तपासनिसानं अहवालाला मान डोलावली की ती निघणार होती, आणि पाना दोन दिवसांच्या आत राख झाला असता.

बाई यजमानांचा विचार करत होत्या. रात्रपाळीला इंजिनखोलीत उतरणारा एकटा माणूस, आणि सांगेल तसं वागणारी चांगली माणसं. गप्प बसलं तर कुणालाच काही कळणार नव्हतं. यजमानांनाही नाही. ते घरी आले असते, नव्या परवान्यावर पुन्हा गेले असते, एखाद्या गंजलेल्या हुकाखाली.

साहेबांना परकी भाषा येत नसे, पण सगळं आयुष्य बंदरात गेल्यानं सुटे शब्द कळत. पाणी, गॅस, दार, खिडकी, अपघात. भाषांतर चालू असताना ते कान देऊन तेवढे शब्द टिपत बसत, हे बाईंना माहीत होतं.

"सांगा त्यांना," साहेब म्हणाले. "सकाळी पाणी होतं. गीझर चालू होता. दार आतून बंद. गॅस कोंडला. सारंगानं आत जाऊन खिडकी उघडली. हा अपघात आहे."

बाईंनी दोन्ही हात मांडीवर दाबून धरले आणि बोलायला सुरुवात केली. साहेबांच्या ओळखीचा प्रत्येक शब्द त्यांनी साहेबांनी ठेवला त्याच क्रमानं ठेवला. बाकीचं सगळं त्या शब्दांच्या मधल्या जागेत भरलं. आवाज रोजचाच, सपाट. म्हाताऱ्याच्या कानावर पडलं ते असं:

"सकाळी पाणी होतं असं हे म्हणतात, ते नव्हतं. गीझर चालू झाला, पण माणूस मेल्यावर. दार आतून बंद करणारा बाहेर निसटला. गॅस सुटलेलाच नव्हता. सारंग आत गेला तेव्हा खिडकी उघडीच होती, त्याला खोटं बोलायला लावलंय. अपघात म्हणणारा हा माणूस सकाळी तिथं होता. कृपा करून माझ्याकडे बघू नका."

म्हातारा चष्मा पुसत होता. तो पुसतच राहिला. साहेब त्याच्या तोंडाकडे पाहत होते आणि मग हळूच बाईंकडे पाहू लागले.

म्हाताऱ्यानं चष्मा घातला. बाईंकडे न बघता तो दोन वाक्यं बोलला.

"काय म्हणतो?" साहेबांनी विचारलं.

"म्हणतात, सारंगाला एक प्रश्न विचारायचाय."

सारंगाला पुढे आणलं. म्हाताऱ्यानं विचारलं आणि बाईंनी ते मराठीत सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुम्ही खिडकी उघडलीत, तेव्हा तिची कडी कशी होती? वर ढकलावी लागली, की बाजूला सरकवावी लागली?"

सारंगाला एकच वाक्य पढवलेलं होतं. त्यात कडी नव्हती. त्यानं साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "अरे, सरकवलीस ना?"

"साहेब, तुम्ही उत्तर देऊ नका," बाई म्हणाल्या. आपलाच आवाज त्यांना परका वाटला. "सारंग, घाबरू नका असं मी म्हणणार नाही. मीही घाबरलेय. पण पाना तुमच्याच खोलीत राहत होता."

मग सारंग खाली बसला, जमिनीवरच, आणि त्यानं डोकं गुडघ्यांत घातलं.

"मी हात नाही लावला खिडकीला," तो म्हणाला. "उघडीच होती. पहाटे मी मागच्या गल्लीत होतो. साहेब लोखंडी जिन्यानं खाली आले. मला म्हणाले, कुणी विचारलं तर खिडकी मी उघडली एवढंच सांग, तुझे डोळे मी पास करतो. पोरीचं शिक्षण राहिलंय माझ्या. मला काय माहीत, वर काय झालंय ते. दार फोडलं तेव्हा कळलं."

साहेब उठले. कुणाला दोष न देता, एखाद्या कामाला जावं तसे ते दाराकडे चालू लागले. दारात खलाशी होते. त्यांच्या पुढे एजंट, चुकीच्या बटणांचा. साहेबांनी रोजच्या सवयीनं हातानंच बाजूला व्हायची खूण केली.

कुणी बाजूला झालं नाही.

६

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की पानाच्या रक्तात गॅसचा मागमूस नाही, डोक्याचं हाड मागून फुटलंय. साहेबांनी सगळं कबूल केलं. हुक तपासल्याची सही त्यांनी जहाजावर पाऊलही न ठेवता केली होती. पहाटे ते पानाला समजवायला गेले. तो दाढी करत होता, त्यानं ऐकलं नाही, त्यांनी त्याला ढकललं. पुढचं सगळं भीतीपोटी सुचत गेलं.

बाईंची भीती मात्र एवढ्यानं गेली नाही. यजमानांचा फोन येईपर्यंत त्या घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिल्या, आणि फोन आल्यावरही त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं ते एवढंच, "रात्री एकटे खाली उतरू नका." नवा अधिकारी येईपर्यंत परवान्यांचं काम ठप्प झालं. यजमान परत आले तेव्हा कित्येक महिने घरी बसून होते. सारंगाचा परवाना काही झाला नाही. डोळे नापास ते नापासच. तो आता वसतिगृहात मावशींच्या हाताखाली काम करतो आणि मागच्या गल्लीत जात नाही.

हुक बदलल्यावर जहाज निघालं. ते गेल्यानंतर पानाची बायको त्याचं सामान न्यायला आली. शांत बाई होती. मावशींनी तिला दुभाषीबाईंशेजारी बसवलं. बराच वेळ ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली.

"तो हुक बदलला का?" तिनं विचारलं.

"बदलला. म्हाताऱ्यानं स्वतः वर चढून बघितला."

"आणि सगळे गेले?"

"गेले. यादीतला एकजणही मागे राहिला नाही."

तिनं मान हलवली. "लोकांना वाटतं, ते जाऊ नका म्हणत होते," ती म्हणाली. "त्यांनाही जायचंच होतं हो. बॅग भरून ठेवली होती त्यांनी."